बेवारस ठरू पाहणाऱ्या पांढऱ्या गाडीस मेण लावल्याबाबत

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर, शिक्षण आठवीपर्यंत शाळेत व त्यापुढील टेबलावर, धंदा अर्ज, प्रतिज्ञापत्रे व तक्रारी लिहिण्याचा. राहणार नवी मुंबई, खारघरच्या तळोज्याकडील अंगास असलेल्या एका सोसायटीत, जिची लिफ्ट असून नसल्यासारखी आहे.

जिच्याविरुद्ध अर्ज आहे ती : माझी धर्मपत्नी.

वादाची वस्तू : एक जुनी पांढरी मोटार, चार दारांची, पैकी एक दार आतूनच उघडते.

घटनेचा काळ : दसरा उलटला होता, दिवाळीचा कंदील अजून माळ्यावरच होता.

साक्षीदार : पहिला, सोसायटीचा वॉचमन, ज्याला सर्व ठाऊक होते व ज्याने काहीही सांगितले नाही. दुसरे, सोसायटीचे चेअरमन, ज्यांना काहीही ठाऊक नव्हते व जे सतत सांगत होते. तिसरा, महापे येथील एक मेणवाला, जो प्रत्यक्ष हजर नव्हता, परंतु त्याचे मेण हजर होते.

नावे कोणाचीही लिहिलेली नाहीत. नाव लिहिले की प्रकरण उभे राहते, आणि ज्या घरात रोज जेवायचे त्या घरात प्रकरण उभे करणे शहाणपणाचे नसते, हे मी इतरांना समजावतो व त्याबद्दल फी घेतो.

आता वस्तुस्थिती.

मी बेलापुरात एका सरकारी कचेरीच्या फाटकासमोर, जंगली बदामाच्या झाडाखाली टेबल टाकून बसतो. माझ्या लेखणीने बंद नळांना पाणी आले आहे, अडकलेली पेन्शन सुटली आहे, आणि एका सासूबाईंना त्यांच्याच खोलीतील खिडकीकडची बाजू सुनेकडून परत मिळाली आहे. हे बढाई म्हणून लिहीत नाही. पुढे जे घडले त्यात माझी लेखणी निरुपयोगी ठरली, आणि ती साधारणपणे निरुपयोगी ठरत नाही, एवढेच नोंदवायचे आहे.

गाडी माझ्या सासऱ्यांची. ते घणसोली गावातले, खाडीवर मासेमारी करणारे. उतारवयात त्यांनी ही गाडी घेतली आणि तिच्यातून जाळी, टोपल्या, नातवंडे व एकदा एक बकरा असे सर्व काही वाहून नेले. ते गेल्यावर मेहुण्यांनी आपापल्या उंच काळ्या गाड्या घेतल्या आणि पांढरी बहिणीला दिली. ती आमच्या इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून उभी असे. मला मोटार चालवता येत नाही. अर्जनवीसाने स्वतः गाडी हाकणे शोभत नाही, असे मी चारचौघांत म्हणतो. क्लच नावाचा जो प्रकार असतो त्याविषयी मी चारचौघांत बोलत नाही. पत्नीकडे लग्नाआधीपासून लायसन्स आहे. परंतु लग्नानंतर तिने गाडी चालवल्याचे मी पाहिले नव्हते, आणि मी जे पाहिले नाही ते घडले नाही, असे धरून चालण्याची मला सवय होती.

तर दसऱ्यानंतर सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. ज्या वाहनांवर धूळ साचलेली आहे व जी दीर्घकाळ जागेवरून हललेली नाहीत, अशी वाहने रविवारी सकाळी पाहणी करून बेवारस ठरवण्यात येतील व भंगारवाल्याच्या हवाली करण्यात येतील. खाली यादी होती. यादीत एक गंजलेली स्कूटर, एक चाक नसलेला टेम्पो आणि आमची पांढरी गाडी.

मी प्रथम नोटिशीतील भाषेच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. मग चार पानी हरकत लिहिली. ‘बेवारस’ म्हणजे ज्यास वारस नाही. प्रस्तुत गाडीस वारस असून तो, म्हणजे ती, तिसऱ्या मजल्यावर राहते. धूळ हा तळोज्याकडून येणाऱ्या वाऱ्याचा दोष असून गाडीचा नव्हे. हे सर्व मी मुद्देसूद मांडले आणि चेअरमनच्या घरी नेऊन दिले.

चेअरमन माझ्याहून बरेच लहान, महाप्याच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारे. त्यांनी चारही पाने उलटून पाहिली, मागे काही लिहिले आहे का तेही पाहिले.

“काका, टेन्शन नका घेऊ,” ते म्हणाले. “पण मला पेपर नको. गाडी दाखवा. डिकीवरच्या धुळीत पोरांनी क्रिकेटचा स्कोअर लिहिलाय. आणि ती मॅच कधीची आहे माहितीये? त्यातले दोन प्लेयर रिटायर झाले.”

“स्कोअर हा पुरावा नव्हे,” मी म्हणालो.

“रविवारी बघू ना. वापरात असली तर राहील. नसली तर मला नव्या मेंबरांना जागा द्यायचीय. मी पण काय करू, लोक मला रोज लिफ्टमध्ये पकडतात.”

“लिफ्ट चालू असते तेव्हा,” मी म्हणालो आणि निघालो. शेवटचा शब्द माझा राहिला, परंतु गाडी यादीतच राहिली.

घरी आल्यावर मी पत्नीस परिस्थिती समजावून सांगितली. ती कोळंबी सोलत होती. नेहमी ती माझ्यासारखेच बोलते. रागावली की मात्र तिच्या तोंडी घणसोली गाव येते, आणि तेव्हा शहाण्या माणसाने दाराच्या जवळ उभे राहावे.

“बापूसची गाडी हाय ती,” ती म्हणाली. “भंगारवाल्याला देनार? तिला हात लावला कोनी, तर मी माहेरी जाईन. आनि येनार नाय. तुमचे अर्ज तुमीच जेवा मग.”

“मी हरकत दाखल केली आहे.”

“हरकतीला चाकं हायेत काय?”

गाडी गेली तर केवळ पत्रा जाणार नव्हता, हे मला तिच्या हातातील कोळंबीकडे पाहून कळले. तिने एकाच कोळंबीला तीनदा सोलले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर माझ्याकडे महाप्याचा मेणवाला आला. हा गृहस्थ रायगडच्या किनाऱ्याकडचा, मुसलमान, महाप्याच्या एमआयडीसीत त्याचा गाड्या चमकवण्याचा गाळा आहे. शेजारचा गाळेवाला त्याच्या दारात ट्रक लावीत असे, त्याविरुद्धची तक्रार मी लिहून दिली होती आणि ट्रक हलला होता. तो मला ‘वकीलसाहेब’ म्हणतो. ही चूक मी दुरुस्त केलेली नाही, कारण ती माझ्या बाजूची आहे.

मी त्यास गाडीची हकिगत सांगितली. त्याने पिशवीतून एक काळा, चपटा, हातात जड लागणारा डबा काढला. वर सोनेरी अक्षरे.

“हे घ्या. आपल्याकडून भेट. कार्नोबा वॅक्स. ब्राझीलच्या ताडाच्या पानावरचं मेण, वकीलसाहेब, हाताने झाडून काढतात. मोठमोठ्या गाड्यांना हेच. एकदा लावलंत की माशी बसली तरी घसरून पडंल आनि पडताना सॉरी म्हनंल.”

“गाडी पांढरी आहे आणि म्हातारी आहे.”

“म्हातारीलाच जास्त शोभतं. आधी धुवा, नीट पुसा, मग पातळ थर लावा, वाळू द्या, काढा. उन्हात नको. बस. आनि काही नडलं तर फोन करा, मी फोनवर पन चमकवतो.”

मी डबा उघडून वास घेतला. नारळीपाक आणि टर्पेंटाइन यांच्या मधोमध कुठेतरी तो वास होता. मेण पिवळसर, घट्ट, वरून इतके गुळगुळीत की त्यात बोट घालताना सरकारी कागदावर पहिला शिक्का मारताना होतो तसा संकोच झाला. माझ्या धंद्यात एक नियम आहे : साहेब पहिले पान पाहतो. पहिले पान स्वच्छ असेल, समास सोडलेला असेल, तर आतली अडचण त्याला अडचण वाटत नाही. गाडीचे पहिले पान म्हणजे तिचा रंग. चेअरमनच्या डोळ्यांत रविवारी सकाळी अशी चमक गेली पाहिजे की ‘बेवारस’ हा शब्द त्यांच्या तोंडी येतायेताच ओशाळावा, असे मी ठरवले.

शनिवारी मी टेबल लवकर गुंडाळले. टाकीजवळ दुपारनंतर सावली येते. बादली, शाम्पू, जुने पंचे आणि मेणवाल्याने दिलेले स्पंज-फडके असा सरंजाम घेऊन मी खाली उतरलो. पत्नी मागोमाग आली आणि बॉनेटसमोर हात पसरून उभी राहिली.

“कुंकवाला हात नाय लावायचा.”

दसऱ्याला तिने बॉनेटवर स्वस्तिक काढले होते. खोबरेल तेलात कालवलेले कुंकू, चार टिंबे, बाजूला हळदीची बोटे. आमच्याकडे वाहनावरचे ते कुंकू पुसत नाहीत. ऊन-वारा त्याला हळूहळू नेतो, माणसाने न्यायचे नसते.

“मेण लावायचे तर जागा स्वच्छ हवी,” मी म्हणालो. “डब्यावर लिहिले आहे.”

“डब्याला नवरा हाय काय? कोनाचं कुंकू पुसतंव तुमी? तुमचंच हाय ते. पुसा, मग उद्या मना नका सांगू छातीत कळ आली म्हनून.”

हा मुद्दा वजनदार होता. माझ्या आयुष्याचा प्रश्न असल्याने मी तो तात्काळ मान्य केला. ती वर जाताना वळून म्हणाली, “आनि सगळीच धूल नका काढू. थोडी ठेवा.”

“धूळ ठेवा? धुळीमुळेच तर नोटीस आली!”

“ठेवा म्हंजे ठेवा,” ती म्हणाली आणि गेली. मी ते बायकी सोवळे-ओवळे समजलो आणि सगळी धूळ काढली.

गाडी धुताना स्वस्तिकाच्या भोवती मी हाताएवढी जागा कोरडी राखली, जशी मोजणीत वादग्रस्त जमीन वगळतात. मग मेण हाती घेतले. सुरुवात मागून केली. नवशिक्याच्या चुका जोडपत्रात असाव्यात, मुख्य अर्जात नसाव्यात.

येथे मेणाविषयी माझा अनुभव, पुढे कोणास उपयोगी पडेल म्हणून, लिहून ठेवतो. डब्यावर इंग्रजीत ‘पातळ थर’ असे लिहिले होते. पातळ म्हणजे किती पातळ, याचा खुलासा नव्हता. ज्या शब्दाची व्याख्या दिलेली नाही त्याचा अर्थ अर्जदाराच्या हिताचा लावावा, या न्यायाने मी पोळीला तूप लावतात तसा सढळ हात सोडला. तसे करू नये. सढळ लावलेले मेण वाळल्यावर निघत नाही. ते पत्र्याला असे धरून बसते की जणू भाडेकरूच. शिवाय मेण वाळले की त्यावर धुरकट सायीसारखी झाक येते आणि ती दिसली की फडक्याने काढायचे, असा नियम. पण पांढऱ्या गाडीवर पांढरी झाक दिसणार कशी? मी कोठे लावले, कोठे नाही, हेच कळेना. शेवटी गाडीला गाल टेकवून, एक डोळा मिटून, उजेडाच्या तिरपेत पाहू लागलो. पहिल्या मजल्यावरील बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या आणि आत जाऊन नवऱ्याला घेऊन आल्या.

परंतु जे निघाले ते सुंदर निघाले, हेही लिहिले पाहिजे. डाव्या दारावरचे मेण मी घासून काढले तेव्हा त्यात टाकी दिसली, टाकीवरचा कावळा दिसला, आणि मी दिसलो, थोडा रुंद. गाडीचा पांढरा रंग पांढरा राहिला नाही, त्यात खोली आली. दुधात आणि चुनखडीच्या पाण्यात जो फरक असतो तो. मी स्पर्श केला तर हात थांबेना, घसरत गेला. इतकी वर्षे या गाडीजवळून मी जात होतो, तिच्या अंगावर हात मात्र प्रथमच फिरत होता.

आणि अंगावर असा वीत-वीत हात फिरला की लपलेले बाहेर येते. डिकीच्या कडीभोवती मला तीन-चार चकाकते ठिपके चिकटलेले आढळले. नखाने काढले. माशाचे खवले. वाकून पाहिले तर मागच्या चाकावरच्या कमानीत राखाडी, चिकट गाळ, खाडीचा, आणि त्याचा वास अजून ताजा होता. मग आठवले की धुण्यापूर्वी सगळ्या गाडीवर धूळ होती, पण पुढची काच स्वच्छ होती.

मी वॉचमनला हाक मारली. हा जालन्याकडचा, बोलण्यात सावकाश.

“डिकीवर माशाचे खवले कसे?”

त्याने खवल्याकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले. “मांजर आसंल, साहेब.”

“मांजर मासा डिकीवर बसून खाईल?”

“शिकलेलं आसंल.”

“आणि चाकाला खाडीचा गाळ?”

“लईच फिरतं मांजर आसंल,” तो म्हणाला आणि गेटवर कोणी नसताना गेटकडे गेला.

मी जे समजायचे ते समजलो : हा माणूस माझ्या पाठीमागे एखाद्या मासळीवाल्याला गाडी वापरू देतो. मनातल्या मनात तक्रारीचा मसुदा तयार केला, ‘विश्वासघात’ हा शब्द दोन ठिकाणी योजला आणि रविवारची पाहणी होईपर्यंत तो राखून ठेवला. कागद वेळेआधी दाखवू नये.

मग बॉनेटची पाळी आली. स्वस्तिक पुसायचे नाही, हे ठरलेले. पण मेण लावायचे नाही, असे कोणी म्हटले नव्हते. उलट डब्यावरील मजकुराप्रमाणे हे मेण जे असेल त्याचे रक्षण करते. तेव्हा पुसायचे नाही, झाकायचे. कुंकवावरून हलक्या हाताने मेणाचा थर द्यायचा, म्हणजे माझे आयुष्य आणि गाडीची चमक दोन्ही एकाच कृतीने सुरक्षित. हा विचार मला इतका आवडला की मी तो दोनदा मोठ्याने उच्चारला.

स्पंज गोल फिरवला. पहिल्या फेरीत काही झाले नाही. दुसऱ्या फेरीत स्वस्तिकाचा एक पाय हलला. तिसऱ्या फेरीत तो चालू लागला. मेणात जो काही तेलाला विरघळवणारा पदार्थ असतो त्याने खोबरेल ओळखले आणि दोघे गळ्यात गळा घालून बॉनेटभर निघाले, मागोमाग हळदीची बोटे. मी थांबवण्यासाठी घासले तसे ते पसरले. स्वच्छ फडक्याने काढायला गेलो तर फडक्यातून ते मडगार्डवर गेले, आणि मी तेच फडके घाईत छतावर फिरवले. हात थांबला तेव्हा समोर एक अत्यंत चकाकती, पुढून केशरी व मागे हळूहळू फिकट गुलाबी होत जाणारी मोटार उभी होती.

मेणवाल्याला फोन केला.

“कुंकवावर लावलंत?” त्याने विचारले. मला वाटते तोंडावर हात धरला असावा. “वकीलसाहेब, मेण तर एक नंबर आहे. जे खाली असंल ते धरून ठेवतं.”

“म्हणजे?”

“म्हनजे अभिनंदन. दोन महिने गुलाबी.”

“पाऊस आला तर?”

“पाऊस घसरंल. गुलाबी नाही घसरनार. उद्या घेऊन या गाळ्यावर, बघतो.”

“आणायची कशी? चालवायला कोणी नाही.”

पत्नी खाली आली तेव्हा मी फडके मागे लपवले, पण गाडी मागे लपवता येत नाही. तिने गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मला वाटले, आता माहेर. तर ती टाकीला टेकून इतकी हसली की तिला खाली बसावे लागले.

“हलद केली तुमी गाडीची,” ती म्हणाली. “नवरी बसवली! आता डीजे सांगा कोनाला तरी.” मग डोळे पुसता पुसता ती एकदम गंभीर झाली, डिकीच्या कडीकडे गेली, तिथे बोट फिरवले आणि वर निघून गेली. तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मी तेव्हा गाडी जाण्याचे दुःख असे नाव दिले.

रविवारी सकाळी चेअरमन यादी घेऊन आले. त्यांच्यासोबत समितीतले दोघे व ज्यांना काही काम नव्हते असे अनेक. फाटकाबाहेर भंगारवाल्याचा छोटा टेम्पो उभा होता. गंजलेली स्कूटर गेली. बिनचाकी टेम्पो ओढून नेण्याविषयी सल्लामसलत झाली. मग सर्व आमच्या गाडीसमोर येऊन थांबले आणि चेअरमनने यादी पुन्हा वाचली.

“काका,” चेअरमन म्हणाले, “यादीत पांढरी गाडी आहे.”

“हीच ती.”

“ही गुलाबी आहे.”

“रंग धार्मिक कारणास्तव व तात्पुरता आहे.”

“मग हिला हळदीकुंकवाला कोणी बोलावलं होतं?” मागून कोणीतरी म्हणाले आणि हशा झाला. चेअरमनही हसले, पण यादीवरचे पेन त्यांनी खाली घेतले नाही. “रेकॉर्डला पांढरी, जागेवर गुलाबी. म्हणजे काका, तुमच्या जागेत दुसऱ्याचीच गाडी उभी आहे. मग तर पूर्णच बेवारस.”

मी तयारीने आलो होतो. तांब्यातले पाणी बॉनेटवर ओतले. अळवाच्या पानावर व्हावे तसे झाले. पाण्याचे मोती झाले, एकमेकांना ढकलत धावले आणि ग्रिलवरून खाली उड्या टाकत गेले. पत्रा कोरडा. लोकांच्या तोंडून ‘वा’ निघाले. एका समिती सदस्याने स्वतःच्या गाडीसाठी डब्याचे नाव विचारले. चेअरमनने बोट फिरवून पाहिले, बोटाला काही लागले नाही, आणि ते मनापासून म्हणाले, “भारी आहे, काका. खरंच.”

मी जिंकलो असे मला वाटले.

“पण चमकते म्हणजे चालते असं नाही ना,” ते पुढे म्हणाले. “शोकेसमधली भांडी पण चमकतात. एक राउंड मारून दाखवा. गेटपर्यंत. लगेच नाव कट करतो.”

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी ‘चालू स्थिती’ या संज्ञेवर बोलण्यास प्रारंभ केला. चालू असणे व चालवणे या दोन भिन्न बाबी असून, असे मी म्हणत होतो, आणि बाहेर भंगारवाला टेम्पोचा मागचा फळका खाली पाडत होता, आणि माझ्या आयुष्यात प्रथमच मला माझे वाक्य कोठे संपवावे हे कळत नव्हते.

“सरका.”

पत्नी होती. पदर कमरेला खोचलेला, हातात किल्ली. तिने दार उघडले, बसली, आरसा न पाहता हात लावून नीट केला, जसे रोजची वस्तू नीट करतात. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. टाकी, मोटरसायकली आणि समिती यांच्या मधल्या जागेतून तिने गाडी मागे घेतली, एकाच दमात, एका हाताने. दुसऱ्या हाताने ती चेअरमनना बाजूला व्हायला सांगत होती.

वॉचमनने कोणी न सांगता गेट उघडलेच होते. सवयीने सलाम ठोकला आणि सवयीनेच बोलून गेला, “आज रविवारी पन, ताई?”

गाडी गेटबाहेर गेली, भंगारवाल्याच्या टेम्पोला वळसा घालून, केशरी नाक पुढे करून, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दिशेने निघाली आणि दिसेनाशी झाली. चेअरमनने यादीवर रेघ मारली. ती रेघ मारताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, हा त्यांचा सभ्यपणा मी येथे मुद्दाम नोंदवतो. वॉचमनकडे मी पाहिले तेव्हा तो म्हणाला, “मांजर नव्हतं, साहेब.”

ती दुपारी परतली. डिकीत टोपली, टोपलीत बोंबील व कोळंबी, वर केळीचे पान. मी जाब विचारण्यासाठी खुर्ची मध्यभागी ओढून बसलो होतो. तिने मला मासे साफ करायला पाणी आणायला लावले, त्यामुळे जाब उभ्याने विचारावा लागला.

“किती दिवस?”

“बापूस गेला तवापासून. आयस एकटी असते ना दुपारची. तुमी टेबलावर गेलात की मी जाते. तिला घेऊन जेट्टीवर बसते, भाकरी खातो, होड्या आल्या की मासली घेते, तुमच्या आधी घरात.”

“आणि धूळ?”

“धूल म्हनून तर तुमाला कललं नाय. काच तेवढी पुसायची. आता केलंत चकाचक, आता कशी लपवू?”

म्हणजे जिच्यामुळे नोटीस आली ती धूळ तिने सांभाळून ठेवली होती, माझ्यापासून. आणि बुधवारी-गुरुवारी ताज्या कोळंबीचे कालवण माझ्या ताटात येत असे, तेव्हा मी तो पुरावा दुसऱ्यांदा वाढून मागत होतो.

“पण मला सांगायला काय हरकत होती?” मी विचारले. हा प्रश्न मी खालच्या आवाजात विचारला, तसा सहसा विचारत नाही.

तिने बोंबलाचे डोके काढले. “सांगितलं असतं तर तुमी बाजूला बसून नियम वाचले असते. डावीकडून घे, हॉर्न दे, हॉर्न नको देऊ, इन्शुरन्सचा कागद कुठाय. बापूस बाजूला बसायचा तर फक्त बाहेर बघायचा. मना तेवढंच पायजे होतं. कोनी बाहेर बघनारं.”

मी न सांगता पाण्याची दुसरी बादली भरून आणली. ही आमच्या घरातील दुर्मीळ बाब आहे.

नंतरचे थोडक्यात. गाडी राहिली. महाप्याचा मेणवाला गुलाबी काढायला तयार होता, पण पत्नीने नकार दिला. घणसोली गावात तिच्या आईला ती फार आवडली आहे, आणि गल्लीतल्या गर्दीत आता ती लांबून ओळखू येते. टाकीजवळची जागा दुपारी रिकामी असते. पूर्वीही असे, पण आता मला ते ठाऊक आहे, आणि टेबलावर बसल्याबसल्या दुपार झाली की माझी लेखणी थोडी मंदावते. काल एका वृद्ध गृहस्थांच्या अर्जात मी ‘नळजोडणी’ ऐवजी ‘जेट्टी’ असे लिहिले.

सबब, जिच्याविरुद्ध हा अर्ज आहे तिला नम्र विनंती की, अर्जदारास आठवड्यातून एखाद्या दुपारी सदर गाडीत, डाव्या बाजूच्या पुढील आसनावर, आणि ते सासूबाईंसाठी राखीव असल्यास मागे टोपलीशेजारी, जागा देण्यात यावी. अर्जदार प्रवासात नियम वाचणार नाही, वेगाविषयी मत देणार नाही, व बाहेर पाहील, अशी हमी तो स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय देत आहे. हमीचा भंग झाल्यास त्यास वाटेत कोठेही, अगदी महाप्याच्या उड्डाणपुलाखाली, उतरवण्याचा पूर्ण अधिकार तिला राहील.

लेखी उत्तराची अपेक्षा नाही. दुपारी माझ्या टेबलासमोर, बदामाच्या झाडाखाली, गाडी थांबवून हॉर्न वाजवला तरी न्याय मिळाला असे समजेन. ऐकू येईल एवढ्या बेताने बसलो आहे. कळावे.

आपला,
अर्जदार